जिवल्याची दातकाठी

घोळ पाण्याखाली बोलते. ज्यांनी ही मासळी फक्त ताटात पाहिली त्यांना ही थाप वाटेल. पण घोळींचा मेळा जमला की पाण्याखाली घोरल्यासारखा आवाज निघतो, जाड पोटाचा म्हातारा दुपारचा जेवून आडवा झाल्यासारखा. वरून काही कळत नाही. त्यासाठी वल्हं पाण्यात सोडायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि श्वास धरायचा. आवाज लाकडातून चढत येतो. मेळा कुठल्या अंगाला आहे, किती खोल आहे, हे ज्याला त्यावरून सांगता येतं त्याच्या शब्दावर जाळं पडतं.

सातपाटीत असा माणूस जिवल्या. तो मूठ कानाला लावायचाच नाही, सरळ दातात धरायचा. दातात जास्त साफ येतं म्हणे. होडीवरचे बाकीचे म्हणत, "याला वल्ह्याची चव लागली हाय. घरी भागी उपाशी ठेवते वाटतं."

भागी त्याची बायको. पालघरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, आणि तिच्या पाटीतल्या मावऱ्याला गिऱ्हाईक बोट लावायच्या आधी तिच्या तोंडाला भ्यायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला उमगलं होतं की या माणसाला समुद्रातलं सगळं ऐकू येतं आणि घरातलं काही नाही.

एकसष्टच्या पावसाळ्यात त्यांची पोर जमना तापली. तीन वर्षांची, उशिरानं बोलायला लागलेली, 'आय, मावरं' म्हणून पाटीत हात घालणारी पोर. ताप डोक्यात गेला, मान लाकडासारखी ताठ झाली. पालघरच्या डॉक्टरनं सुया टोचल्या, गावच्या भगतानं नारळ उतरवला, आणि पोर वाचली. कुणामुळे वाचली यावर घरात बरेच दिवस तंटा चालला. तो मिटायच्या आतच एके दिवशी भागीच्या हातून पितळेची परात ओट्यावर पडली. शेजारच्या घरातलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. जमना परातीच्या शेजारी बसून चिंबोरीच्या नांगीशी खेळत होती, ती खेळतच राहिली. भागीनं परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा टाकली. मग पदरानं पुसून जागेवर ठेवली आणि चुलीत लाकूड सारलं. दुसरं करायचं काय?

होते ते शब्दही वर्षभरात गळून गेले, नुसता हेल राहिला. शब्दांच्या जागी पोरीनं हात आणले. पापलेटाला सपाट तळवा. बोंबलाला ढिलं सोडलेलं बोट. आयेला डोक्यावर पाटी. आणि बापाला? मूठ वळून दातांवर धरायची, वल्ह्याची मूठ धरल्यासारखी. भागीला त्या खुणेचं हसू यायचं. जिवल्याला यायचं नाही. बंदरावर लोकांना आयतंच सापडलं होतं: "जिवल्यानं पोरीचे कान पण सोताला घेतले." बोलणारा हसून बोलायचा, जिवल्याही हसायचा, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजायचा.

दोन वर्षांनी बोंबलाच्या हंगामात ठमी आली. डोंगराकडची वारली बाई. भात झोडून झालं की नवऱ्याबरोबर, चिंधूबरोबर, बंदरावर मजुरीला यायची. लहानपणापासून कान वाहून वाहून बहिरी झालेली. कामाला वाघीण, पण तिला हाक मारायची तर चिंधू तिच्या पाठीत खडा मारायचा, आणि ती वळून त्याला आईबापावरून शिव्या घालायची. दोघांचा संसार असा खड्यांवर चालला होता.

बोंबील वाळत घालायला बांबूच्या दांड्या बांधायच्या असतात. ठमी दोन्ही हातांनी काथ्या आवळत होती, म्हणून दांडीचं टोक तिनं दातात पकडलं होतं. दुसऱ्या टोकाला जिवल्या खुंट ठोकत होता. ठोकता ठोकता कुणाला तरी उद्देशून तो त्या बांबूवर ओणवा होऊन ओरडला, "अरे, काथ्या आण इकडं!"

ठमीनं दांडी सोडली आणि चारी दिशांना बघायला लागली.

"कोण बोलला?"

"कोण बोलणार? तुना काय आयकू येतं?" चिंधू हातवारे करत म्हणाला.

"काथ्या आण बोलला. माझे डोक्यात बोलला!"

चिंधूला वाटलं बाई झपाटली. पण जिवल्या हातोडी टाकून तिथेच वाळूत बसला. मग उठून त्यानं ठमीच्या दातांत पुन्हा दांडी दिली, दुसऱ्या टोकाला तोंड लावलं आणि विचारलं, "ठमे, जेवलीस?"

ठमीनं दांडी न सोडताच मान हलवली. नाही. मग ती त्या बांबूला धरून मोठ्यानं रडायला लागली. बंदरावरच्या बायका कामं टाकून धावल्या. काय झालं म्हणून विचारलं तर चिंधू म्हणाला, "जेवली नाय म्हणून रडते."

त्या दिवसापासून जिवल्या माणसांतून उठला.

भागीला तो सांगायचा, हातातली भाकर तशीच ठेवून सांगायचा, की कान म्हणजे पुढचं दार. ते बंद झालं म्हणून घरात माणूस नाय असं कोण बोललं? दात म्हणजे मागचं दार. घोळ मना मागच्या दारानंच भेटते. भागी म्हणायची, "तुमचं पुढचं दार उगडं हाय ना? मंग आयका. पीठ सपलंय."

त्यानं बांबू घेतले, साग घेतला, वेताच्या काड्या घेतल्या. बांबूवर ओरडावं लागायचं. साध्या बोलण्यानं लाकूड हलायला हवं होतं. लाकडाच्या टोकाला काहीतरी ताणून बसवायला हवं, ढोलकीच्या पुडीसारखं. बकऱ्याचं कातडं जाड पडलं. कागद ओठांच्या वाफेनं ओला झाला. मग त्याला घोळीचा भोत सुचला. भोत म्हणजे घोळीच्या पोटातली हवेची पिशवी. तिच्याच जोरावर घोळ बोलते. सुकवलेल्या भोताला मुंबईचे व्यापारी सोन्यासारखं तोलून नेतात, आणि तो होडीच्या मालकाचा, नाखव्याचा असतो, खलाशाचा नाही. जिवल्यानं नाखव्याला सांगितलं, माझा हंगामाचा वाटा ठेव आणि मना भोत दे. नाखवा तयार झाला. भागीला हे बाजारात दुसरीकडून कळलं. त्या दिवशी तिनं पापलेट इतक्या जोरानं कापले की गिऱ्हाइकानं भाव केला नाही.

पण काठी झाली. अर्धी करवंटी, तिच्या तोंडावर खरवडून पातळ केलेला भोत ओला ताणून वाळवलेला. भोताच्या मधोमध टेकलेली वेताची काडी, आणि काडीच्या शेवटी दातात धरायची सागाची चपटी जीभ. करवंटीशी साध्या आवाजात बोललं तरी ठमीला शब्द कळायचे. पहिली काठी जिवल्यानं तिलाच दिली. ठमी ती पदराच्या गाठीला बांधून डोंगरात घेऊन गेली. चिंधूचे खडे सुटले. "आता ती मना उलट बोलते," अशी त्याची तक्रार होती. आधी ती काय गप्प होती?

मग लोक यायला लागले. कुंभवलीचं कान वाहणारं पोर, सरावलीची म्हातारी, असे कुठून कुठून. बसायला घोंगडी, प्यायला पाणी, आणि दातात काठी. जिवल्यानं कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी कोंबडा ठेवून जायचं, कुणी वाल. काहींना ऐकू यायचं, त्यांचे डोळे मोठे व्हायचे. काहींना नाही यायचं. त्यांना जिवल्या म्हणायचा, "धरायची कला हाय. सवय करा." बहिरा म्हणजे बहिरा, दार म्हणजे दार. त्याच्या डोक्यात दुसरा प्रकारच नव्हता. मागच्या दाराच्या आत घरच जळून गेलेलं असू शकतं, हे त्याला कोण सांगणार?

आणि हे सगळं तो करत होता ते जमनेसाठी.

पहिल्यांदा तिच्या दातात काठी दिली तेव्हा पोर दचकली. काठीची जीभ थरथरली म्हणून हसली. जिवल्यानं पुन्हा आवाज दिला, ती पुन्हा हसली. त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि बंदरभर फिरवली. "आयकते! माझी जमना आयकते!" भागी मागून पाटी घेऊन धावत होती आणि तिलाही, खोटं कशाला सांगायचं, रडू फुटलं होतं.

ऐकते तर बोलत का नाही? जिवल्याकडे उत्तर होतं. तान्हं पोर पण आधी वरीसभर आयकतं, मग बोलतं. फक्त एक आडकाठी होती, पोरीचे हात. काठी दातात असली तरी तिचे हात चालायचे. पापलेट, बोंबील, पाटी. जिवल्याला ते सोसत नसे. त्याच्या होडीवर त्याच सुमाराला इंजिन आलं होतं. इंजिनाच्या धडधडीत होडी चालवणाऱ्या तांडेलाची हाक खलाशाला ऐकू जात नाही, म्हणून सगळे हातांनी बोलायला लागले होते. 'ओढ', 'सोड', 'बंद कर'. घोळ ऐकायला इंजिन थांबवायचं म्हटलं तर नाखवा कुरकुरायचा. "इंजिनानं चांगली माणसं मुकी केली," जिवल्या म्हणायचा. "माझ्या घरात हे नाय चालणार. हात बोलायला लागले की कान आळशी होतात."

म्हणून रोज दुपारी तो पोरीचे हात पाठीमागं बांधायचा. जाळ्याच्या मऊ सुतानं, वळ उठणार नाही असे. मग दातात काठी द्यायचा आणि बोलत बसायचा. मावऱ्याची नावं, नातेवाइकांची नावं, वाऱ्यांची नावं. पोर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. हो म्हणून मान हलवली, हसली, की तो सूत सोडायचा.

भागीला ते बघवत नसे. ती उठून बाहेर जायची. पण सोडवायला ती कधी पुढे झाली नाही. पोर ऐकणार असेल तर हात थोडे बांधले म्हणून काय मरते, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

पासष्टच्या उन्हाळ्यात पुष्पलता त्यांच्या घरी आली. गावातलीच पोर, मुंबईला नर्सचं शिकून पालघरच्या दवाखान्यात लागलेली. तिनं जमनेला बराच वेळ बघितलं, काठी हातात घेऊन बघितली, आणि ओट्यावर येऊन भागीला म्हणाली, "काकी, मुंबईला अशा पोरांची शाळा हाय. राह्यचं, जेवायचं तिथंच. लिवायला, वाचायला शिकवतात, ओठ बगून बोलायला शिकवतात. मोठी पोरं शिवण शिकतात, छापखान्यात लागतात. पन सात उलटली की घेत नाय. मी तिथल्या बाईंना इचारलंय. जूनमदी एकच जागा हाय."

जमना सात उलटायला आली होती.

आतून जिवल्या म्हणाला, "माझी पोर आयकते. बहिऱ्यांच्यात टाकून तिला बहिरी करू?"

"काका, काठीनं ठमीला येतं आयकू. जमनीचं येगळं असंल. तापानं आतली शीरच जाते कदी कदी."

"तू घोळ आयकलीस कदी?"

"नाय."

"मंग गप."

पुष्पलता जाताना भागीचा हात दाबून गेली. त्या दिवसापासून भागीच्या डोक्यात ती एक जागा बसली. शिवण. छापखाना. आपण मेल्यावर या पोरीला कोण विचारणार? बाजारात पाटी घेऊन बसली तर पाच आण्याचं तिला दोन आण्याला लुटतील आणि ती मान हलवून हसेल. भागीला रात्रंदिवस तेवढंच दिसायला लागलं.

मेमध्ये एका सकाळी, जिवल्या दर्यावर असताना, तिनं खुंटीवरची काठी झटकायला काढली. करवंटीच्या तोंडावर भोत नव्हता. बोक्यानं सगळा खाल्ला होता, कडेला नुसती चिंधी राहिली होती. शेवटी मासाच तो. भागीला आधी हसू आलं. हंगामाची कमाई बोका खाऊन गेला.

काठी खाली आलेली बघून जमना आपणहून पुढे आली. जिवल्या नव्हता, सूत नव्हतं, तरी तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले, काठीची जीभ दातात धरली आणि आयेच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

भागी करवंटीशी वाकली. काडी कशालाच टेकलेली नव्हती, नुसती लोंबत होती.

"जमने, भूक लागली?"

पोरीनं मान हलवली.

भागीनं लोंबत्या काडीकडे बघितलं. तिनं तोंड तसंच गोड ठेवून म्हटलं, "तुजा बापूस मेला."

पोरीनं मान हलवली. आणि हसली. हसून झाल्यावर तिनं पाठमोरी होऊन मागचे हात आयेपुढे धरले, सोड म्हणून. हसलं की हात सुटतात, एवढंच ती त्या काठीपासून शिकली होती.

जिवल्या परत आला तेव्हा भागीनं करवंटीला फडकं बांधून काठी त्याच्या हातात दिली. "धूळ बसते," म्हणाली. "बोला तिच्याशी."

"जमने, मावरं आयलं!" जिवल्या म्हणाला. पोर हसली, मान हलवली. "बगितलंस? फडक्यातनं पन आयकते!"

भागीनं फडकं ओढलं. जिवल्यानं करवंटीत बोट घातलं, ते आरपार गेलं. 

"कदी झालं?"

"सकाळी. बोक्यानं खाल्ला."

"मंग काय झालं?" तो हळूहळू म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. "वल्ह्याला कुटं भोत असतो? ठमीच्या बांबूला होता? लाकूडच बोलतं, भागे. तिला आता भोत पन लागत नाय. नुसत्या लाकडानं आयकते!"

"अवो, मी तिला बोलली, तुजा बापूस मेला. ती हसली."

जिवल्यानं पोरीकडे बघितलं. पोर हसली.

"पोर हाय," तो म्हणाला. "मरन काय कळतं तिला."

यापुढे काय बोलायचं? भागीनं बोलणं सोडलं आणि पुष्पलतेकडून जायचा दिवस ठरवून घेतला. जिवल्याला सांगितलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. भागीनं त्याचं हो धरलं. त्या सकाळी तिला उरलेलं सुकं विकायला बाजारात बसायचंच होतं. तिनं पोरीला तेल लावून वेणी घातली, नवं परकर-पोलकं घातलं, गाठोडं बांधलं. "दुपारच्या एस्टीनं तिला ठेसनावर आना. गाडी कोनासाठी थांबत नाय."

"आनतो," जिवल्या म्हणाला.

पालघर ठेसनावर भागी रिकामी पाटी उपडी टाकून तिच्यावर बसली. पुष्पलता शेजारी उभी. एक एस्टी आली, तीत बाप-लेक नव्हते. दुसरी आली, तीत नव्हते.

"काकी, आज नाय गेलो तर बाई जागा दुसऱ्याला देतील. माज्या शब्दावर ठेवलीय."

"येतील. कपडे घालून बसवून आलंय मी."

गाडी आली. पुष्पलता डब्यात चढली, दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली, आणि शिटी झाली तशी खाली उतरली.  भागी पाटीवरून उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. येणाऱ्या एस्टीला तिनं हात दाखवला नाही.

दिवेलागणीच्या आधी जिवल्या आला. पोर खांद्यावर, काठी हातात, दोघांच्या अंगावर खडीची पांढरी धूळ. भागीनं ओठांवर शिव्या रचून ठेवल्या होत्या, सात पिढ्यांना पुरतील अशा. पण त्याचं तोंड बघून एकही बाहेर पडली नाही.

"कुटं गेल्तात?"

"तारापूरला. रामू काम करतो ना, अनुभट्टीच्या साईटवर." रामू म्हणजे त्याच्याच होडीवरचा जुना खलाशी, बोईसरकडे मजुरीला लागलेला. "तो बोललेला, तिथला एक सायेब काठीचं आयकून बोलला, लेके आओ, देखेंगे. मना वाटलं, सायबानं बगितली तर लोखंडाची करून देईल. मंग शाळा कशाला?"

"मंग? बगितली?"

"सायेब नव्हता. मुंबईला गेल्ता." जिवल्या ओट्यावर बसला. "रस्त्यात खडीची खान हाय. तिथं सावलीला बसलो. नवा भोत बसवलेला, तिला बोललो, चल, सवय करू. काठी दिली तोंडात. तेवढ्यात भोंगा झाला. सुरुंगाच्या आदी करतात, मानसं हटायला. लय मोठा. मानसं धावली, मी कान झाकले. करवंटी भोंग्याकडंच होती, भागे. ती पायावरचा मुंगळा बगत होती."

भागी ओट्याच्या जवळ आली.

"मंग सुरुंग उडाला. भुई हालली. तेवा तिनं वर बगितलं. माज्याकडं बगून मान हालवली. हसली. काठीला हसायची ना, तशीच हसली. भुईला."

भागीनं पोरीला त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. जमनेचे हात पाठीमागं होते. भागी सूत सोडायला गेली तर सूत नव्हतंच. जिवल्यानं ते खाणीवरच सोडून फेकून दिलं होतं. पोरीनं हात आपणच तसे धरले होते, तारापूरपासून सातपाटीपर्यंत.

ती जागा गेली. पुढल्या वर्षी पुष्पलतेनं पुन्हा विचारलं. पोर मोठी झाली, असं उत्तर आलं. भागीनं नवऱ्याला त्यावरून कधी टोमणा मारला नाही. लोक म्हणत, सोसणारी बाई. सोसणारी कसली? रोजच्या त्या दुपारी पोरीच्या हातांचं सूत सोडायला ती स्वतः कुठे उठली होती? आणि तिनं तोंड उघडलं असतं तर पहिलं तेच बाहेर पडलं असतं.

घोळ ऐकणं संपलं होतं. नाखव्यानं जिवल्याला इंजिनावर बसवला. लाकडी पेटीसारखी जागा, खाली ते धूड धडधडतंय, आणि हा तेलाचं फडकं घेऊन त्याच्या कानाशी, की ते याच्या कानाशी. दोन हंगामांत त्याला घरातलंच नाही, समुद्रातलंही ऐकू येईनासं झालं. भागी ओरडून ओरडून घसा बसवायची. एका दुपारी त्यानं खुंटीवरची काठी काढली, जीभ स्वतःच्या दातात धरली आणि भागीला म्हणाला, "बोल."

"काय बोलू?"

"बोल ना!"

भागी बोलली, मोठ्यानं बोलली, करवंटीत तोंड घालून बोलली. जिवल्या डोळे मिटून बसला होता. बऱ्याच वेळानं त्यानं काठी काढली.

"दात शिवशिवतात," तो म्हणाला. "तिला पन एवढंच कळत असंल. दात शिवशिवतात."

काठीसाठी लोक अजून यायचे. आता तो आधी त्यांच्या दातात जुनं वल्हं द्यायचा आणि दुसऱ्या टोकावर नखानं वाजवायचा. डोळे मोठे झाले तर काठी करून द्यायचा, पहिल्यापेक्षा चांगली. नाही झाले तर सरळ सांगायचा, "ही तुजी नाय. पोर लहान असंल तर दवाखान्यात पुष्पलताबाईला भेटा. आनि हातानं बोला त्याच्याशी, हात बांधू नका." लोक नाराज होऊन जायचे. काही मागून भेटायला यायचे.

हातांनी बोलायला तो होडीवर शिकला होता. तिथे आता दुसरी भाषाच नव्हती. घरी यायचा तर ओट्यावर जमना आणि शेजारची हंसा दोघींचे हात नुसते उडत असायचे. पापलेट, बोंबील, कुणाचं लग्न, कुणाची खोड. दोघी हसून लोळायच्या. जिवल्याचं पाऊल उंबऱ्यात पडलं की जमनेचे हात पाठीमागं जायचे. तो 'ये' म्हणून हात करायचा, 'जेव' म्हणून हात करायचा. ती त्याच्या ओठांकडे बघायची आणि मान हलवायची. तिच्या लेखी बापाशी बोलायची रीत हीच होती. बापानंच शिकवलेली.

अडुसष्टच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, जिवल्यानं ठरवलं की तिच्या डोळ्यांसमोर हे संपवायचं. भागी भाकऱ्या थापत होती. त्यानं जमनेला चुलीपाशी बसवलं, खुंटीवरची काठी काढली, तिला दाखवली. मग गुडघ्यावर ठेवून मोडली आणि चुलीत घातली. करवंटीनं लगेच पेट घेतला. भोत तडतडून आक्रसला, माशाचा वास सुटला. जिवल्यानं दोन्ही रिकामे हात तिच्यापुढे उघडे धरले. संपलं.

जमना जाळाकडे बघत होती. मग तिनं घाबरून बापाकडे बघितलं, आयेकडे बघितलं. लाकडांच्या ढिगात हात घालून तिनं चाचपून चाचपून एक चपटी ढलपी काढली, फुंकर मारून साफ केली आणि दातात धरली. दोन्ही हात पाठीमागं नेले. आणि बापाकडे तोंड करून मान हलवायला लागली.

जिवल्यानं हात उचलला आणि होडीवरचा हात केला, पंजा आडवा कापत. बंद कर.

पोर हसली, आणि मान हलवत राहिली. भागीनं तव्यावरची भाकर उलटली.